जुळ्याला ताप यायला हवा

जुळ्यांबद्दल आमच्या आजीचं एक ठाम मत होतं. एकाला ताप आला की दुसऱ्याचं अंग तापलंच पाहिजे, नाहीतर ती नुसती एका दिवशी जन्मलेली भावंडं. डॉक्टर याला काय म्हणतील ते सोडा. पण गेली अडीच वर्षं मी कोकणातल्या एका मोठ्या रस्त्याच्या आखणीवर काम करतेय, आणि त्या रस्त्याचं ‘डिजिटल ट्विन’, संगणकातलं जुळं, म्हणून जे काही आम्ही उभं केलं ते खरं की खोटं हे तपासायला आजीच्या कसोटीपेक्षा बरी कसोटी मला अजून सापडलेली नाही.

रस्ता कुठला ते सांगत नाही. भूसंपादन सुरू आहे, आणि आखणीची रेघ कुठून जाते याचा नुसता वास आला तरी मोबदल्यासाठी रातोरात झाडांची कलमं लागतात आणि जमिनी हात बदलतात. एवढं पुरे की चौपदरी आहे, चाळीसेक किलोमीटरचा आहे. एक टोक खाडीकाठच्या बाजारपेठेला वळसा घालतं, मधला भाग जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, जातो आणि उरलेला डोंगराच्या कुशीतून चढतो. मी सल्लागार कंपनीत आखणीचं काम बघते. नोकरीला लागले तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळून लेव्हलिंगची पट्टी धरायला माणसं लागायची आणि संध्याकाळी लॉजवर बसून लेव्हल बुक जुळवावं लागायचं. त्यामुळे नव्या शब्दांकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघते.

निविदेत ओळ होती: ‘प्रकल्पाचे डिजिटल ट्विन तयार करून सादर करावे.’ सादर करावे! म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये घालून आवक-जावकच्या टेबलावर द्यावे आणि पोच घ्यावी. लिहिणाऱ्याचा दोष नाही. या शब्दाचा अर्थ आमच्या धंद्यात निम्म्या लोकांना त्रिमितीय चित्रफीत एवढाच वाटतो. मूळ कल्पना कारखान्यांतली. अमेरिकेत मायकेल ग्रीव्हज यांनी २००२च्या सुमारास ती मांडली: यंत्र वापरात असेपर्यंत त्याची संगणकातली प्रतही त्याच्याबरोबर बदलत राहावी. आपण हाताने माहिती भरून ठेवली तर ते मॉडेल. जागेवरून माहिती आपोआप येत राहिली आणि ते बदलत गेलं, आणि त्याने सांगितलेलं ऐकून आपण जागेवर काही बदललं, तर जुळं.

आमच्यातल्या एका तरुण इंजिनिअरने पहिल्याच बैठकीत बरोबर नस पकडली. “मॅडम, रस्ता तर अजून जन्मलाच नाही. जुळं कुणाचं?” त्या प्रश्नावर चहाचे दोन राउंड गेले. उत्तर असं निघालं की रस्ता जन्मायचा आहे, पण त्याची जमीन, त्याचं पाणी आणि त्याच्यावरून जाणारी माणसं आधीच जन्मलेली आहेत. जुळं त्यांचं करायचं. रस्ता त्यात पाहुणा म्हणून सोडायचा आणि घर किती बिघडतं ते बघायचं. ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या एका केंद्राने २०१८ साली अशा कामांसाठी तत्त्वं काढली, त्यांचं नाव ‘जेमिनी प्रिन्सिपल्स’, म्हणजे मिथुन राशीची तत्त्वं. त्यात पहिलं तत्त्व ‘हेतू’. कशासाठी करताय ते आधी सांगा. आम्ही कागदावर तीन प्रश्न लिहिले: पुराचं पाणी कुठे जाईल, डोंगर कुठे हलेल, गणपतीत गाड्या कुठे अडतील. यात न बसणारी माहिती गोळा करायची नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे, तसा प्रयत्न केला.

ड्रोन मार्चमध्ये उडवले. कोकणात याला कारण आहे. लेझरचा किरण पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचावा लागतो, आणि ऐन-किंजळाच्या रानात पानगळ झाल्यावरच तेवढी फट मिळते. दिवाळीनंतर लगेच उडवलं असतं तर आम्हाला डोंगराचा नाही, झाडांच्या डोक्यांचा नकाशा मिळाला असता. काजूच्या बागांनी मात्र मार्चमध्येही दाद दिली नाही. काजूची पानं झडत नाहीत, फांद्या जमिनीला टेकलेल्या. तिथे संगणकाने आजूबाजूच्या बिंदूंवरून जमीन ‘असावी तशी’ काढली. हे वाक्य पुढे महागात पडणार होतं.

पहिलं भांडण उंचीवरून झालं. उपग्रह जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासून मोजलेली असते. कोकणच्या किनाऱ्यावर पाय भिजवत उभं राहिलात तर तो सांगेल की तुम्ही शून्याच्या साठ मीटरहून जास्त खाली आहात. पाणी या उंचीने वाहत नाही. पाण्याला समुद्रसपाटीपासूनची उंची लागते, आणि आपल्याकडे ती १९०९ साली कराचीपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवली गेली. दोन्हींतला फरक वजा करून काम चालतं, तेही केलं होतं. तरीही सर्व्हेचे दोन तुकडे जोडल्यावर सड्याच्या मधोमध एक पायरी दिसायला लागली. सपाट कातळावर बत्तीस सेंटीमीटरची सरळ रेषेतली पायरी. निसर्ग अशी पायरी बांधत नाही.

एका तुकडीने रेल्वेच्या खुणेवरून, म्हणजे उंची आधीच ठरवून कोरून ठेवलेल्या जागेवरून, उंची आणली होती, दुसरीने पाटबंधाऱ्यांच्या जुन्या खुणेवरून. दोघांचे कागद बरोबर, सह्या-शिक्के बरोबर. जुन्या पद्धतीत हे दोन तुकडे वेगवेगळ्या शीटवर राहिले असते आणि पायरी कुणाला दिसलीच नसती. ठेकेदाराचा भराव मध्यावर येऊन जुळेना, तेव्हा दिसली असती आणि मग पत्रव्यवहार सुरू झाला असता. आम्ही निवृत्त झालेल्या एका लेव्हलवाल्या काकांना बोलावून आणलं, आणि साधी ऑटो लेव्हल, म्हणजे तिपाईवरची सपाटी बघायची दुर्बीण, घेऊन जाता-येता दोन्ही वेळा मोजत तीन आठवडे सडा पालथा घातला. पाटबंधाऱ्यांची खूण हललेली निघाली. खूण ज्या पुलाच्या कठड्यावर कोरली होती तो कठडाच मध्यंतरी कधीतरी नव्याने बांधला होता. एवढ्या महागड्या ड्रोननंतर शेवटी पट्टी आणि बुडबुडाच कामी आला, याचा आनंद काकांनी लपवला नाही.

बत्तीस सेंटीमीटरसाठी तीन आठवडे कशाला, असं वरून विचारणा झाली. त्याचं उत्तर खाडीकाठच्या बाजाराने दिलं.

२२ जुलै २०२१ कोकणात कुणी विसरलेलं नाही. चिपळूण बुडालं, महाड बुडालं, तळियेवर दरड आली. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या बाजारपेठेतही त्या दिवशी पाणी शिरलं होतं. पुराचं मॉडेल खरं बोलतं की नाही हे बघायचं तर झालेला पूर त्यात पुन्हा आणून बघावा लागतो. म्हणून आम्ही भिंतीवरच्या खुणा मोजत फिरलो. दुकानदार अभिमानाने दाखवतात, “इथपर्यंत!” काहींनी तेलरंगाने रेघ मारून तारीख घातलेली. काही जण २००५च्या पुराची रेघ दाखवून ती २०२१ची म्हणून सांगत होते, काहींच्या आठवणीत पाणी दरवर्षी इंचभर वाढत होतं. एकसष्ट खुणा मोजल्या, एकोणीस टाकून दिल्या.

मॉडेल चालवलं तर पाणी सगळीकडे फूट-दोन फूट कमी. पाऊस बरोबर, नदीचा तळ बरोबर, तरी कमी. दोन दिवस आम्ही पावसाचे आकडे उलटेपालटे केले. मग मुलाखती घेणाऱ्या मुलीने सहज सांगितलं की एक मासेवाली म्हणाली, त्या दिवशी उधाण होतं. पंचांग काढलं. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. आम्ही खाडीच्या तोंडाशी पाण्याची सरासरी पातळी धरली होती. प्रत्यक्षात वरून नदी येत होती आणि खालून भरतीने दार ओढून घेतलं होतं. भरतीचं वेळापत्रक जोडल्यावर पाणी खुणांना जाऊन टेकलं. सगळ्या नाही, पण बहुतेक.

आता रस्ता आत सोडला. सगळ्यात स्वस्त पर्याय होता मळ्यातून भराव घालून जाण्याचा, मध्ये पाणी जायला सहा मोऱ्या ठेवून. जुळ्याने सांगितलं की भरावाच्या वरच्या अंगाला पाणी वीतभर जास्त चढेल. ‘वीतभरच ना’, असं म्हणणारे बैठकीत होते. पण लेझर सर्व्हेत प्रत्येक दुकानाचं जोतं मोजलेलं होतं. बाजारात ज्याने पूर काढलाय त्याला ही वीत समजते: पाणी ओट्याखाली थांबलं तर माल वाचतो, ओट्यावर वीतभर आलं तर तळचा खण गेला, फ्रीज गेला, गल्ल्याच्या खालची वहीसुद्धा गेली. कुठल्या गल्लीतली किती जोती त्या विताने ओलांडली जातात ते मोजता येत होतं. आणि हे मोजण्यात बत्तीस सेंटीमीटरची चूक असती तर? वीत तरी किती असते!

भरावाचा बराच भाग खांबांवर गेला. खर्च वाढला, आणि त्यावरून अजून अधूनमधून टोमणे येतात.

डोंगराच्या भागात एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली, आणि या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान तिचंच आहे. बोअर मारला की खडकाची कांडी हातात येते: जांभा, खाली चिकणमाती, मग काळा बसाल्ट, कुठे मध्येच लाल मातीचा थर. हा लाल थर फार दगाबाज. दोन लाव्हांच्या मध्ये दबलेली जुनी माती ती, पाणी लागलं की साबण होते. पण बोअर शंभर-दीडशे मीटरवर एक. मधलं सगळं सॉफ्टवेअर जोडून देतं, आणि जोडलेलंही तितक्याच ठसठशीत रंगात रंगवतं. पडद्यावर बघणाऱ्याला वाटतं, वा, डोंगर आतून बाहेरून माहीत झाला! मी सांगितलं, बोअरच्या पाच मीटरपर्यंत रंग, पुढे तो फिका होत जाईल आणि मध्यावर राखाडी. चित्र अगदी कळाहीन झालं. नव्वद टक्के डोंगर राखेच्या रंगाचा. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मला विनंती झाली की निदान उद्यापुरते रंग परत आणा. मी आणले नाहीत. साहेबांनी पडदा बघून पहिला प्रश्न विचारला, “एवढं राखाडी का?” आणि दुसरा विचारला, “अजून किती बोअर लागतील?” मंजुरी तिथेच मिळाली. रंग राहिले असते तर दुसरा प्रश्न आला नसता.

वाहतुकीची गंमत वेगळी. रस्ते मोजण्याची रीत अशी: सात दिवस रात्रंदिवस गाड्या मोजायच्या, त्यावरून वर्षाचा अंदाज काढायचा आणि वर्षातला तिसाव्या क्रमांकाचा गर्दीचा तास धरून रस्ता आखायचा. वर्षात ८,७६० तास. सगळ्यात वाईट एकोणतीस तासांसाठी रस्ता बांधायचा नाही, कारण बाकी वर्षभर तो रिकामा पडेल. तत्त्व शहाणपणाचं आहे, जगभर चालतं. पण कोकणात ते एकोणतीस तास कुठे असतात? चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि गौरी-गणपती विसर्जनानंतरचे दोन. म्हणजे ज्या तासांसाठी मुंबईचा चाकरमानी वर्षभर या रस्त्याबद्दल बोलतो, नेमके तेच तास पुस्तकाने आधीच वगळलेले.

मी पुस्तकाविरुद्ध नाही. गणपतीसाठी आठपदरी रस्ता मागणाऱ्यांतली तर अजिबात नाही. पण कोंडी होणारच असेल तर ती कुठे उभी राहणार हे तरी कळावं. म्हणून जुन्या रस्त्यावर कॅमेरे लावून एक अख्खा गणपती मोजला. मग त्या गाड्या नव्या रस्त्यावर सोडल्या. इथे सॉफ्टवेअरचा मूळ स्वभाव आडवा आला. ते जर्मनीत वाढलेलं. त्यातल्या गाड्या लेनमध्ये चालतात, पुढच्याला जागा देतात, घुसत नाहीत. आमच्या दोघा मुलांनी महिनाभर बसून त्या गाड्यांना वाईट सवयी लावल्या: दुचाकी कुठल्याही फटीतून जाईल, रिक्षा डावीकडून ओव्हरटेक करेल, दोन पदरांत तीन रांगा होतील. कॅमेऱ्यात दिसलेली रांग आणि पडद्यावरची रांग सारख्या लांबीची व्हायला लागली, त्या दिवशी ऑफिसात पेढे आणले. बेशिस्त जमली म्हणून पेढे वाटल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

निकाल अनपेक्षित होता. मुख्य रस्ता तुंबत नव्हता. तुंबत होता बाजाराकडे उतरणारा फाटा. तिथली रांग मागे सरकत सरकत मुख्य रस्त्यावर यायची आणि तिचं शेपूट नेमकं चढावर, वळणापलीकडे थांबायचं. मागून भरधाव येणाऱ्या एसटीला वळण संपल्याशिवाय ती दिसणारच नाही. चढाला थांबलेल्या गाड्यांचे क्लच जळणार, रेडिएटर उकळणार, आणि एक बंद पडली की झालं. आम्ही फाटाच सातशे मीटर अलीकडे, सपाटीवर आणला. दुभाजकात अँब्युलन्सला वळता येईल अशा जागा ठेवल्या. सड्यावर गाड्या बाजूला घ्यायला मोकळा पट्टा आणि स्वच्छतागृहं घेतली, कारण सहा तास अडकलेल्या बसमधल्या बायकांचं काय होतं ते मी स्वतः भोगलेलं आहे. या शेवटच्या मुद्द्याला कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज नव्हती. तरी तो आजवर कुठल्याच आराखड्यात नव्हता, पडद्यावर सहा तास उभी लाल बस दाखवल्यावर आला.

आता आजीच्या कसोटीकडे येते.

पहिल्या पावसाळ्याआधी आम्ही डोंगराच्या अंगाला पर्जन्यमापक बसवले आणि जिथे मोऱ्या येणार होत्या त्यांतल्या सहा पऱ्यांवर, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांवर, पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर लावले. पाऊस पडला की आकडे येणार, मॉडेल ते घेऊन पऱ्याला किती पाणी यायला हवं ते सांगणार, सेन्सर खरं किती आलं ते सांगणार. जुलैतल्या एका रात्री मी ठाण्याला घरी बसून दोन रेघा बघत होते. चौदा नंबरच्या पऱ्यावर मॉडेल म्हणत होतं घोटाभर, सेन्सर म्हणत होता कमरेपर्यंत. शेजारच्या पंधरा नंबरला उलट: मॉडेल कमरेपर्यंत, सेन्सर गुडघ्याच्याही खाली. एकाला ताप, दुसऱ्याचं अंग गार.

सेन्सर बिघडला असं सगळ्यांचं एकमत झालं. म्हशीने अंग घासलं असेल, कोळ्याने जाळं विणलं असेल. माझंही मत तेच होतं. पण पुढच्या पावसात तेच झालं, त्यापुढच्यातही. मग रेनकोट चढवून निघालो.

पंधरा नंबरच्या पऱ्याच्या कडेने वर चढत काजूच्या बागेत शिरलो. फांद्यांखालून वाकत गेल्यावर पायाला पाणी लागलं. दोन फूट रुंद, दगड लावून बांधलेला पाट. पंधराचं पाणी अडवून, टेकडीच्या कमरेने वळवून चौदाच्या बाजूच्या खाचरांना नेलेलं. शेवाळ बघता दोन-तीन पिढ्यांचा तरी जुना. काजूखालची जी जमीन संगणकाने ‘असावी तशी’ काढली होती, तीत हा पाट असणं शक्यच नव्हतं.

वाडीतल्या एका आजोबांच्या ओटीवर चहा झाला. त्यांना आमचं आश्चर्य समजेना. “सांगितलेलं की तुमच्या माणसांना. गेल्या वर्षी ग्रामसभेत.” परत येऊन इतिवृत्त काढलं. त्यात ओळ सापडली: ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत प्रश्न उपस्थित केला. त्याची नोंद घेण्यात आली.’

ते इतिवृत्त मीच तपासून सही केलेलं होतं.

चौदा नंबरची मोरी मोठी केली. पंधराची कमी केली नाही. पाट उद्या बुजला तर पाणी आपल्या मूळ वाटेने येईल. आणि मुख्य म्हणजे आमचा रस्ता तो पाटच कापत होता. मोरीचं माप चुकलं असतं तर रस्ता वाहून गेला असता आणि बातमी झाली असती, पण पाट तुटून एका वाडीची खाचरं सुकली असती त्याची बातमीसुद्धा झाली नसती. आता पाट रस्त्याखालून पाइपातून जातो. कागदावर तरी जातो.

यानंतर आम्ही मॉडेलमध्ये एक नवा थर सुरू केला. त्याचं नाव ‘ऐकीव’. कुणीही जागेबद्दल काही सांगितलं की ते जागेवर टिंब म्हणून जातं: काय सांगितलं, कुठल्या महिन्यातली गोष्ट, कधी सांगितलं, तपासलं की नाही. ‘इथे पावसाळ्यात जमीन उकळते’ म्हणजे झरे फुटतात. ‘ही पाखाडी मधली सुट्टी झाली की शाळेची मुलं वापरतात.’ ‘या बांधाला दोन वर्षांत तीनदा भेग पडली.’ टिंब लाल असतं, तपासलं की हिरवं किंवा काळं होतं. आमच्या भूगर्भतज्ज्ञांना हे अजिबात पटलं नाही. ऐकीव गोष्टींना मोजलेल्या आकड्यांच्या पंक्तीला बसवायचं? मी म्हटलं, दोन बोअरच्या मधलं राखाडीही ऐकीवच आहे, फक्त सॉफ्टवेअरच्या तोंडून ऐकलेलं. ते हसले, पण पटलं नाही ते नाहीच. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे: लाल टिंबांतली बरीचशी काळी निघतात. ज्याची जमीन जाणार असते त्याच्या जमिनीत अचानक जिवंत झरे, समाध्या आणि औषधी वनस्पती उगवतात. तेही टिपून ठेवतो. माणूस कशाला घाबरलाय ते त्यातून कळतं.

गावनकाशांचं लफडं सांगत बसले तर वेगळा लेख होईल. शंकू-साखळीने मोजलेले जुने नकाशे ड्रोनच्या चित्रावर बसवले तर बांध कुठे कुठे पाच-सात मीटर सरकतात, आणि पोटहिश्श्यांबद्दल तर बोलायलाच नको. जुळ्यात आम्ही मालकी हा थर ठेवला, पण त्यावर ‘मोजणी नव्हे’ असं ठळक लिहून. मोजणी भूमी अभिलेखचे भूकरमापकच करणार, आणि ती तशीच व्हायला हवी.

आणि ती चित्रफीत. हो, ती करावीच लागली. वरून पाहुणे येणार होते, साडेतीन मिनिटांची फिल्म हवी होती. बाहेरून करून घेतली. गुळगुळीत काळा रस्ता, दुतर्फा ताडासारखी काहीतरी परदेशी झाडं, निळं आकाश, पांढऱ्या गाड्या शिस्तीत धावताहेत. एकही एसटी नाही, म्हैस नाही, पावसाचा थेंब नाही. टाळ्या मिळाल्या. स्थानिक बातम्यांत ‘महामार्गाचे डिजिटल ट्विन सादर’ असा मथळा आला. तीन आठवडे सड्यावर उन्हात भाजून निघालेल्या लेव्हलवाल्या काकांनी मला फोन करून विचारलं, “यात आपली पायरी कुठे दिसते?”

या वर्षीच्या पावसाने चौदा आणि पंधरा दोन्ही पऱ्यांच्या रेघा एकमेकींच्या जवळून चालल्या आहेत. अकराव्यावर मॉडेल अजून अर्धा तास उशिरा जागं होतं. का ते कळलेलं नाही. एका सेन्सरची बॅटरी ऑगस्टमध्ये संपली आणि ती बदलायला जाणाऱ्याला वाटेत दरड आडवी आली. रस्ता बांधून झाल्यावर हे सेन्सर कोण सांभाळणार, त्यांचं वीजबिल कुठल्या लेखाशीर्षाखाली भरायचं, यावर आत्ता पत्रं चालू आहेत. तो प्रश्न सुटला नाही तर आमचं जुळं कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबरच वारेल.

ऐकीव थरातलं सगळ्यात नवं टिंब गेल्या आठवड्यातलं. सड्यावर, आखणीच्या मध्यरेषेपासून नऊ मीटरवर. गुरं चारणाऱ्या एका मुलाने सांगितलेलं: ‘कातळाच्या फटीतून उन्हाळ्यात गार वारा येतो. खडा टाकला तर आवाज उशिरा येतो.’ जांभ्यात पोकळ्या असतात हे आमच्या तज्ज्ञांना माहीत आहे, त्यांना त्या मुलाच्या खड्यावर विश्वास नाही. सगळ्यात जवळचा बोअर साठ मीटरवर आहे आणि त्यात पक्का जांभा लागलाय. मधलं राखाडी. पाऊस उघडला की मशीन तिथे न्यायचं ठरलंय. मुलाला मी सांगून ठेवलंय की आम्ही येऊ त्या दिवशी गुरं तिकडेच घेऊन ये.